शुक्रवार, सात ते आठ

हेल्वे सोसारने फिनलंडमधलं लाहती सोडायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी साउनाचा, म्हणजे गरम वाफेच्या खोलीचा, आपला तास सोडला. इमारतीचा कारभार बघणाऱ्या कार्यालयातली मेर्वीने तो अर्ज दोनदा वाचला. मग तिने चष्मा कपाळावर चढवला.

"साउना आधी? अगं, लोक वीज तोडतात, फोन बंद करतात, किल्ल्या आणून देतात, आणि साउनाचा तास शेवटच्या शुक्रवारपर्यंत घट्ट धरून बसतात. मागे एकाला दवाखान्यात ठेवलं होतं. तो तिथून फोन करून बजावत होता, माझा तास कुणाला देऊ नका म्हणून."

"तास एप्रिलअखेर सोडते," हेल्वे म्हणाली. "घर मेअखेर."

"म्हणजे अख्खा मे महिना साउनाशिवाय काढणार तू? बरं नाहीये का तुला?"

"बरं आहे."

"मग डोकं फिरलंय."

"ते असेल," असं म्हणून हेल्वेने सही ठोकली. रांगेत पहिलं नाव कुणाचं आहे, हे मात्र तिने जाता जाता विचारून घेतलं. खरं तर त्यासाठीच ती आली होती.

त्या चार मजली इमारतीत साउना एकच, तळघरात. प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास. सोमवार-मंगळवारचे तास कुणालाही मिळतात. शुक्रवार-शनिवारच्या तासांसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत असतात. मिळालेला तास माणूस मरेपर्यंत सोडत नाही आणि दुसऱ्याच्या तासात एक मिनिट घुसत नाही. शेजाऱ्याचा कुत्रा रात्रभर भुंकला तर चालवून घेतील, पण आठ वाजून एक मिनिट झालं आणि आतला माणूस बाहेर आला नाही, तर दारावर थाप पडलीच म्हणून समजा.

हेल्वेचा तास शुक्रवारी सात ते आठ. तिच्यानंतर आठ ते नऊ ओइवा पेल्तोला. तो शेवटचा. नऊ वाजता भट्टी आपोआप बंद होते आणि तळघरात कुणीही फिरकत नाही. आणि हीच हेल्वेची अडचण होती.

ओइवा एकोणऐंशीचा. फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करून निवृत्त झालेला, दुसऱ्या मजल्यावर एकटा राहणारा. त्याची बायको आउने गेल्याला बराच काळ लोटला होता. मुलगी दूर उत्तरेला औलूत, अतिशय काळजी करणारी. ओइवाच्या मते काळजी हाच तिचा आजार होता. तीन हिवाळ्यांपूर्वी एका शुक्रवारी हेल्वे आपला टॉवेल विसरली म्हणून साडेआठला परत खाली गेली, तर ओइवा कपडे बदलायच्या खोलीत जमिनीवर बसलेला. भिंतीला टेकून, ओठ निळसर, एका पायात मोजा. तिने त्याला पाणी पाजलं, पाय उंच करून ठेवले, आणि ॲम्ब्युलन्स बोलवायला निघाली तर त्याने तिचं मनगट पकडलं.

"कुणाला बोलायचं नाही."

"ओइवा, वेडेपणा करू नकोस."

"पोरीला कळलं तर साउना बंद. आधी साउना, मग जिना, मग घर. ती वाईट नाहीये गं, पण असंच होतं. मला सगळं माहीत आहे." आणि थोडा दम खाऊन तो म्हणाला, "आउनेच्या मागे मला आठवड्यात हा एक तास राहिलाय. तेवढा राहू दे."

हेल्वे कुणाला बोलली नाही. पण पुढच्या शुक्रवारपासून आपला तास संपला की ती वर जायची थांबली. तळघराच्या बोळात साउनाच्या दाराबाहेर एक बाक आहे, ओइवानेच कधीतरी करून ठेवलेलं. त्यावर ती ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून शब्दकोडं घेऊन बसू लागली. पहिल्यांदा ओइवा लालबुंद होऊन बाहेर आला, तेव्हा तिला बघून थबकला.

"काय गं?"

"शब्द अडलाय," ती म्हणाली. "तुमची भाषा म्हणजे एक वैताग आहे."

त्याने कोडं हातात घेतलं, शब्द सांगितला आणि तिच्या शेजारी बसला. नंतर दर शुक्रवारी तेच. तिला शब्द अडायचे, तो सांगायचा. कधी तो म्हणायचा, "तुमच्या एस्टोनियात शाळा असतात का?" ती म्हणायची, "असतात. आणि साउनाही असतात, खरे. तुमचं हे विजेवरचं काय, पाव भाजायचं यंत्र आहे." मग तो तिच्या गावच्या साउनाबद्दल विचारायचा, धुराडं नसलेल्या, दिवसभर लाकूड घालून तापवायच्या, आतून काळ्याकुट्ट झालेल्या त्या खोलीबद्दल. ती सांगायची. सगळं मिळून दहा मिनिटं. मग तो "बरं तर मग" म्हणून जिन्याकडे वळायचा. एवढीच त्यांची ओळख. जिन्यात भेटले तर नुसती मान हलवायचे.

हेल्वे लाहतीत बस चालवायची. एकसष्ट वर्षांची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई. प्रवासी दारात घुटमळला तर आरशातून एकदाच बघायची आणि तो आत सरकायचा. रॅपिनाहून, म्हणजे आपल्या गावाहून, ती आली तेव्हा नवरा नुकताच गेला होता, घराचं छप्पर गळत होतं आणि तिकडच्या बसगाड्या बंद होत चालल्या होत्या. दोन वर्षं कमवायचं, छप्पर घालायचं, परत जायचं, असा हिशेब. आल्या आल्या भरलेल्या अर्जात 'मुक्काम कायमचा की तात्पुरता' असा प्रश्न होता. तिने बेधडक 'तात्पुरता' समोर खूण केली होती. छप्पर केव्हाच झालं. मग खिडक्या झाल्या, मग विहिरीची मोटर. तात्पुरता मुक्काम तेरा वर्षं चालला. आता निवृत्ती आली होती, आणि तिकडे थोरली बहीण लेइडा फोनवर एकच विचारत होती: बटाटे तुझ्या वाट्याचे लावू की नको? हेल्वेने लाव म्हणून सांगितलं होतं.

जायचं दुःख तिला नव्हतं असं नाही, पण दुःख करायला वेळ लागतो आणि मे महिना कागदांनी भरलेला होता. त्यात तिच्या डोक्याला खरा घोर एकच होता. ती गेल्यावर त्या बाकावर कोण बसणार?

रांगेत पहिलं नाव निघालं तिसऱ्या मजल्यावरच्या तूलिक्कीचं, आणि हेल्वेने कपाळाला हात लावला. तूलिक्की साव्हो प्रांताकडची. तिकडच्या माणसाला वेळ विचारली तर तो आधी घड्याळ कुणी दिलं ते सांगतो. त्यातून तिने आयुष्यभर लोकांचे केस कापलेले, म्हणजे कात्री थांबली तरी जीभ थांबायची सवय नाही. पण मनाने चांगली. हेल्वेने तिला घरी बोलावलं, कॉफी केली, दालचिनीचा बन पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

तूलिक्कीचे डोळे भरून आले. "अगं बाई! आणि तीन वर्षं तू एकटीने हे..."

"फक्त बसायचं," हेल्वे म्हणाली. "काही करायचं नाही. तो नऊच्या आत बाहेर आला की वर यायचं. उशीर झाला तर दार ठोठवायचं. आणि त्याला कळता कामा नये."

"मी तिथे काय करत बसलेय म्हणून विचारलं तर?"

"शब्दकोडं."

"मला येत नाही शब्दकोडं."

"मलाही येत नाही. तूलिक्की, एक ऐक. कुणाला म्हणजे कुणालाही बोलायचं नाही."

"माझ्याकडे गुपितं किती आहेत तुला कल्पना आहे का?" तूलिक्की दुखावल्या आवाजात म्हणाली. "या गावातल्या निम्म्या बायकांचे केस खरे कोणत्या रंगाचे आहेत ते मी अजून बोललेले नाही."

हेल्वेला बरं वाटलं. म्हणूनच तर तिने तास महिनाभर आधी सोडला होता: आपण इथे असतानाच नवीन माणूस त्या बाकावर बसायला शिकावा, चुकलं तर दुरुस्त करायला आपण असावं. डेपोतही ती नव्या चालकाला आपला मार्ग अशीच दाखवायची, आधी बाजूला बसून. पहिल्या शुक्रवारी तूलिक्की सात वाजता खाली गेली, आठला बाहेर आली आणि विणकाम घेऊन बाकावर बसली. ओइवा नीट आत गेला, नीट बाहेर आला. दुसऱ्या शुक्रवारीही तसंच. हेल्वेने यादीतली ती ओळ मनातल्या मनात खोडली आणि बाकीच्या कामांना लागली.

कामं म्हणजे काय विचारता! जाणाऱ्या माणसाने आपण जातोय हे किती ठिकाणी सिद्ध करावं याला काही मर्यादा असावी. कर कार्यालय, पेन्शन कार्यालय, कामगार संघटना, विजेचा करार, इंटरनेटचा डबा. एका ठिकाणची बाई म्हणाली, नवा पत्ता दिल्याशिवाय जुना बंद होत नाही. दुसरीकडचा बुवा म्हणाला, जुना बंद झाल्याशिवाय नवा घेता येत नाही. हेल्वेने दोघांना आरशातून बघतात तसं बघितलं, तेव्हा कुठे मार्ग निघाला. स्थलांतराच्या अर्जात पुन्हा तोच प्रश्न होता. तिने 'कायमचे' समोर खूण केली आणि पेन हातात धरून थोडा वेळ बसून राहिली. येताना तात्पुरतं म्हणून आलो ते आयुष्याचा एवढा तुकडा इथे गेला. आता कायमचं म्हणून चाललोय, त्याचं काय होईल कोण जाणे. मग उठून ती फ्रीजरचा बर्फ खरवडायला लागली.

डेपोत निरोप झाला. केक होता, कॉफी होती. मुख्य पर्यवेक्षक उभा राहून म्हणाला, "हेल्वे कधी उशिरा आली नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गावाच्या मानाने हे मोठंच भाषण झालं. तिला त्यांनी एक छान फुलदाणी दिली. ती गुंडाळताना हेल्वे रडली. तेवढंच ती त्या महिन्यात रडली होती, तोपर्यंत.

महिन्याच्या मध्यावर शनिवारी अंगण साफ करायचा दिवस आला. दर वसंतात येतो. सगळी इमारत दाताळी आणि झाडू घेऊन खाली उतरते, हिवाळाभर बर्फावर टाकलेली वाळू झाडते, कुजकी पानं गोळा करते, आणि मग सॉसेज भाजून खाते. वर्षभर जिन्यात नुसत्या माना हलवणारे लोक त्या दिवशी दोन-दोन वाक्यं बोलतात. ओइवा दरवर्षी दाताळ्यांचे दांडे दुरुस्त करून आणायचा. यंदाही आणले होते. तो शेगडीपाशी कागदी ताटली घेऊन उभा होता, मोहरी लावलेलं सॉसेज खात, आणि कुणीतरी सहज म्हणालं की हेल्वे यंदा शेवटचीच, पुढच्या वर्षी आमच्यात नसेल.

"काही काळजी नाही!" तूलिक्की तोंडातला घास सांभाळत म्हणाली. तिने ओइवाच्या दंडावर थोपटलं. "हेल्वे गेली तरी तू घाबरू नकोस हं, ओइवा. तिने मला सगळं शिकवून ठेवलंय. तू आत असेपर्यंत मी बाहेर बसणार, पुन्हा चक्कर आली तर मी आहेच."

दाताळी थांबली. कुणी काही बोललं नाही. तो देशच तसा. तिथे शांततेचे शंभर प्रकार आहेत आणि प्रत्येकाला कुठला कुठे ते बरोबर कळतं. तूलिक्कीलाही कळलं, पण तोंडातून निघालेलं परत कसं घेणार? तिचा चेहरा मोहरीसारखा झाला. ओइवाने ताटली अंगणातल्या बाकावर ठेवली, अगदी हळू, अर्धं सॉसेज तसंच होतं. हेल्वेकडे त्याने बघितलं नाही. आपलं दाताळं भिंतीला नीट टेकवून ठेवलं आणि तो वर गेला.

त्यानंतरच्या शुक्रवारी तूलिक्की बाकावर बसून राहिली, पण आठला कुणी आलंच नाही. गरम साउना रिकामा तापत राहिला आणि नऊला बंद झाला. पुढच्या शुक्रवारीही तसंच. तूलिक्की रडत रडत वर आली. "मी माझी जीभ कापून टाकते गं," ती म्हणाली. हेल्वेला तिचा संताप आला होता, पण तिला बोलायला तोंडही नव्हतं. सांगितलं होतं स्वतः हेल्वेनेच ना!

ती खाली गेली आणि तिने ओइवाच्या दाराची बेल वाजवली. दार जरासं उघडलं, साखळीएवढं.

"मी बरा आहे," ओइवा म्हणाला.

"ओइवा, मी ते तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे कुणासाठी ते." त्याने साखळी तशीच राहू दिली. मग म्हणाला, "तुला काय वाटलं, मला कळत नव्हतं? बस चालवणारी बाई, पाटीवरचं अक्षर लांबून वाचणारी, तीन वर्षं हिला चार अक्षरी शब्द अडतायत. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

हेल्वे एक पाऊल मागे सरकली.

"ते तुझ्या-माझ्यात होतं," तो म्हणाला. "तू मला तिच्या नावावर करून दिलंस. विजेचं मीटर देतात तसं." आणि दार लावून घेतलं.

हेल्वे वर आली. अर्ध्या भरलेल्या खोक्यांच्या मध्ये जमिनीवर बसली, कारण खुर्च्या विकून झाल्या होत्या. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच ते फार लागलं. तिने सगळ्यांचा निरोप घ्यायची योजना केली होती: डेपो, डॉक्टर, कोपऱ्यावरची ब्रेडवाली. त्या यादीत ओइवा नव्हताच. तो कामांच्या यादीत होता. निरोप घ्यायची भीती वाटली म्हणून तिने त्याची सोय लावून टाकली, आणि सोय लावली की निरोप झाला, असं स्वतःला पटवून दिलं. आता एवढं सगळं आवरून, पुसून, बंद करून ती जाणार, आणि मागे एक म्हातारा तिच्यामुळे साउनाला मुकणार. जे त्याची मुलगी करेल म्हणून तो घाबरत होता, ते आपणच करून बसलो. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याची आठवणही आली, तो दोन मजले खाली बसलेला असताना.

शेवटचा शुक्रवार महिन्याच्या शेवटच्या दिवशीच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हेलसिंकीहून टालिनचं जहाज धरायचं होतं. दिवसभर तिने शेगडी भिंतीपासून ओढून मागची जमीन घासली, खिडक्या पुसल्या, किल्ल्या पाकिटात घातल्या. संध्याकाळचं ऊन रिकाम्या भिंतींवर पसरलं होतं. तिथे मे अखेरीस सूर्य मावळायचं नावच घेत नाही. सातला थोडा वेळ असताना बेल वाजली.

दारात ओइवा. अंगावर बाथरोब, हातात लाकडी बादली, बादलीत साउनात अंगावर हाणायची बर्चच्या ताज्या डहाळ्यांची जुडी.

"पानं अजून कोवळी आहेत," तो म्हणाला, जणू कालच बोलणं अर्धं राहिलं होतं. "जुडीत टिकणार नाहीत. पण आजच्यापुरती चालतील. चल, सात वाजतायत."

"मला तास नाही, ओइवा. मी सोडलाय."

"माझा आहे."

"तुझा आठचा."

"आठचा नाही आता. सात ते आठ माझा." त्याने घसा साफ केला. "मेर्वीकडे जाऊन आलो. अदलाबदल केली त्या बडबडीशी. ती आठ ते नऊ. ती म्हणाली, हो, रडत रडत हो म्हणाली, डोकं खाल्लं तिने माझं."

हेल्वेला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"आठला एक मिनिट झालं आणि मी बाहेर आलो नाही," ओइवा म्हणाला, "तर ती बाई दार फोडेल. तिला राखणीला बसायची गरजच नाही. तिला फक्त स्वतःचा तास प्यारा असला की झालं, आणि तो आहे. चार वर्षं रांगेत होती." त्याने बादली दुसऱ्या हातात घेतली. "तुला सुचायला हवं होतं हे. बसवाली ना तू? मागून दुसरी गाडी येतेय म्हटल्यावर पुढच्या गाडीवर वेगळं कोण लक्ष ठेवतं?"

हेल्वे हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. "गाढव आहे मी," ती म्हणाली.

"तसं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे शाळा असतात." त्याने बादली तिच्या हातात दिली. "जा आता. आजचा तास तुझा. तुला तुझ्याच तासाला निघून जायला हवं, असं मेच्या मध्येच कुठेतरी हरवल्यासारखं नाही."

"आणि तू?"

"मी बाहेर बसतो."

साउना चांगला तापला होता. हेल्वे वरच्या फळीवर बसली, ओगराळ्याने दगडांवर पाणी टाकलं, आणि वाफ खांद्यांवर उतरली. कोवळ्या पानांचा वास सगळ्या खोलीत भरला. तिने किती शुक्रवार इथे काढले होते, आणि एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की आपण आत असताना बाहेर कुणी असावं. तिला कधी गरजच वाटली नव्हती. आज दारापलीकडे बाकाची फळी करकरल्याचं ऐकू आलं आणि तिचा जीव एवढा निवांत झाला की तिला आश्चर्य वाटलं. तीन वर्षं ओइवाला दर शुक्रवारी असं वाटत असणार. तिने घाई केली नाही. रॅपिनाकडे शेवटचा माणूस बाहेर पडताना बादलीत थोडं गरम पाणी मागे ठेवतो, घरातून गेलेल्यांसाठी. तिनेही ठेवलं. आउनेसाठी, नवऱ्यासाठी. आणि कधीतरी आपल्यासाठीही कुणी ठेवेल, असं तिला वाटून गेलं.

आठ वाजून गेले असावेत, कारण बाहेर पावलं आली आणि तूलिक्कीचा आवाज चढला. "वेळ झाली ना? आत कोण आहे अजून?"

"गप्प बस," ओइवाचा आवाज आला.

"पण माझा तास..."

"तूलिक्की. आज एक दिवस."

आणि खरोखर शांतता पसरली. साव्होच्या बाईला गप्प करणारा माणूस म्हणून ओइवाचं नाव त्या इमारतीत पुढे बराच काळ घेतलं गेलं.

हेल्वे कपडे करून, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. तूलिक्की कपड्यांची पिशवी पोटाशी धरून भिंतीला चिकटून उभी होती. तिने हेल्वेला घट्ट मिठी मारली, काहीच न बोलता, आणि आत निघून गेली. बाकावर ओइवा बसला होता. नाकावर चष्मा, मांडीवर वर्तमानपत्र, हातात पेन्सिल. त्याने वर बघितलं नाही.

"शब्द अडलाय," तो म्हणाला.

हेल्वेने वाकून बघितलं. कोड्यातला एकूण एक चौकोन भरलेला होता.

ती त्याच्या शेजारी बसली. "दाखव," ती म्हणाली. "कुठला?"